निम्म्या वाटेपर्यंत

स्टेद्स, यॉर्कशर
ता. ३ मार्च १९०८

चि. जेबेझ यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट काल पोचलं. उघडून बघते तर मीच पाठवलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्या, तांबड्या शाईनं काट मारून परत! तुमच्या त्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशासाठी 'सेट' या शब्दाचे अर्थ लावायचं काम अंगावर घेतलंस, तेव्हा तूच ना लिहिलं होतंस, की अक्का, गावात बोलतात ते सगळं लिहून धाड? एवढासा शब्द, पण मेला कुठं म्हणून घुसत नाही! जाळं लावलं तरी सेट, जाम आळला तरी सेट, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली, निखळलेलं हाड बसवलं, सूर्य बुडाला, हट्टी म्हातारा अडून बसला, सगळ्याला तेच. गळाला लावायच्या आमिषाचे शिंपले सोलता सोलता, ओल्या हातानं लिहिलं मी ते.

बाकीचं काय खोडायचं ते खोड. पण आल्यागेल्याला निम्म्या वाटेपर्यंत सोबत करायची, त्याला आई 'सेट' म्हणायची. अजून अख्खं गाव म्हणतं. त्या चिठ्ठीवर तू समासात लिहिलंस, 'ग्राम्य, नको'. शी! वाचून अंगावर काटा आला. वाऱ्यापावसानं तिच्या थडग्यावरचं नाव पुसलं. तिचा एक शब्द राहावा एवढंच मागते आहे.

माझी कंबर धरलेलीच आहे. तुझ्या बायकोला, ऑगस्टाला, आशीर्वाद. लोभ उरला असेल तर राहू दे.

तुझी अक्का,
केझाया

रेक्टरी, लिंकनशर
ता. ११ मार्च १९०८

ती. अक्कास, जेबेझचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचा सूर वाचून मन विटलं. पहिली गोष्ट वासाची. तुझं पाकीट फोडलं आणि ऑगस्टा नाकाला रुमाल लावून उठली. दिवाणखान्याच्या खिडक्या दोन दिवस उघड्या टाकाव्या लागल्या. एका चिठ्ठीला खवले चिकटले होते, ते मी चिमट्यानं काढले. अशा चिठ्ठ्या मी विद्वानांच्या टेबलावर ठेवायच्या का?

दुसरं असं, की कोशात प्रत्येक अर्थाला छापील दाखला लागतो. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहायच्या जागी तू लिहिलंस, 'आई, मागच्या दारी'. संपादक हसतील, आणि मग विचारतील की ही आई कोण? इथं ते कुणाला माहीत नाही, आणि व्हायची गरजही नाही. राग मानू नकोस. कंबरेला गुंडाळायला फ्लॅनेल पाठवतो आहे, चांगलं जाड आहे.

कळावे. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
जेबेझ

स्टेद्स
ता. १६ मार्च १९०८

जेबेझ,

आशीर्वाद लिहायला आज हात उठत नाही. फ्लॅनेल परत करते आहे. मेले तरी तुझं कापड अंगाला लावणार नाही.

खवले चिमट्यानं काढलेस काय? तुझ्या गळ्यातली ती पाद्र्याची पांढरी कॉलर आणि तुझं सगळं लॅटिन त्याच खवल्यांतून आलंय, बाबा. बाराव्या वर्षी तू शाळेला निघालास तो दिवस आठव. आई डोक्यावर मासळीची टोपली घेऊन तुला पोचवायला निघाली होती. मी मागून तुझी पेटी आणत होते, तुला वाटलं मी लांब आहे. चॅपलच्या वळणावर तू तिला म्हणालास, की आता इथूनच परत जा, तुझ्या अंगाला घाण येते, स्टेशनवर मुलं असतील. ती तिथूनच मागं फिरली. घरी येऊन राख घेतली आणि बोटं सोलवटेपर्यंत हात घासत बसली. संध्याकाळी तेच हात खाऱ्या पाण्यात. त्यानंतर तू कितीदा आलास, गेलास, ती त्या वळणापुढं कधी आली नाही. तू विचारलंही नाहीस.

निम्म्या वाटेपर्यंतच म्हणजे सेट, असं मी तुला लिहून दिलं. खरं तर तिची वाट निम्मी तू केलीस. थू तुझ्या विद्येवर! मला तुझी किळस येते, जेबेझ, आणि सख्ख्या भावाची किळस येते म्हणून माझीही येते.

लोभ बिभ काही नको.

केझाया

रेक्टरी
ता. २० जुलै १९०८

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

चार महिने तुला लिहायला धजलो नाही. तू लिहिलंस त्यातला एक शब्द खोटा नाही. तुला ते ऐकू गेलं, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

मी आईची चिठ्ठी पुन्हा पाठवली. संपादकांचं उत्तर आलं की अर्थ चांगला आहे, पण छापील दाखल्याशिवाय घेता येत नाही. मग एका रविवारी मी प्रवचनात सगळं सांगितलं. टोपली, वळण, मी बोललो ते, सगळं, आणि तिचा शब्द तिच्याच तोंडचा. प्रवचन इथल्या चर्चच्या मासिकात छापून आलं. त्याचं कात्रण चिठ्ठीला चिकटवून धाडलं. काल कळलं, तो अर्थ कोशात घेतला. सोबत एक कात्रण तुला.

ऑगस्टाला मी लग्नाआधी गलबताच्या कप्तानाचा मुलगा म्हणून सांगितलं होतं. ती माझ्याशी बोलत नाही. तिला माझी शिसारी आली आहे, आणि मला तर तिच्याआधीपासून आहे. ऑगस्टमध्ये दोन दिवस यावं म्हणतो. दार उघडशील का, तेवढं कळव.

तुझा,
जेबेझ

स्टेद्स
ता. २४ जुलै १९०८

चि. जेबेझ यास अनेक आशीर्वाद.

कात्रण मी चॅपलमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. शेजारची टेमर म्हातारी एप्रन भिजेपर्यंत रडली, आणि मग म्हणाली की मेल्याला एवढं बोलायला तीस वर्षं लागली. मीही तेच म्हणते. राग गेलेला नाही.

ये. हेरिंग मासळीचा हंगाम आहे, घरात, अंथरुणात, पावातसुद्धा वास असेल. रुमालाला अत्तर लावून आलास तर उंबऱ्यावरूनच हाकलीन. दोन दिवस राहा, आईच्या दगडावरचं नाव पुन्हा कोरून घेऊ.

परत निघशील तेव्हा तुला पोचवायला मी येईन, डोक्यावर टोपली घेऊन. चॅपलच्या वळणावर थांबणार नाही. फलाटावर कुणी का असेना, डब्याच्या दारापर्यंत येईन.

तोवर जपून राहा. लोभ होता तिथंच आहे.

तुझी अक्का,
केझाया

ता. क. ते फ्लॅनेल घेऊन ये.