दोरा दाराकडे वळतो

९ मार्च
आज पुन्हा! खिडक्या बंद, मी खुर्चीत, आणि पायांवरून गार झोत. दार तर आपलं आपणच धाडकन लागलं. चहा सांडला.
मुलाला सांगितलं. "आई, सेंट्रल एसी आहे. सगळ्या घराला सारखीच हवा." सूनबाई मोबाइलमधून मान वर न करता — "आम्हाला नाही लागत वारा."
लागेल कसा! माझ्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीस तू.

१० मार्च
शाळेत सिस्टर सांगायच्या — वारा दिसत नाही, पण त्याच्या हाती दोरा द्या, तोच वाट दाखवतो. काय गोड हसायच्या! पेन्सिलीला लोकरीचा धागा बांधून खोलीभर फिरले. खिडकीशी धागा सरळ लोंबतो. छतातल्या जाळीखाली थरथरतो. ते ठीक, तिथून हवा येते. दाराखालच्या फटीशी मात्र आडवा, बाहेर ओढला जातो! म्हणजे वारा बाहेरून घुसत नाही. माझ्याच खोलीतून पळतोय.
नातीनं पाहिलं. जेवताना सगळ्यांना सांगितलं, "आजी दाराखाली मासे पकडते." केवढे हसले! मीही हसले.

११ मार्च
धागा तसाच. आडवा.

१२ मार्च
डॉक्टरांकडे नेलं. माझ्यासमोरच मुलगा म्हणाला, "दोरे बांधून फिरते हो. वारा पळतो म्हणते." डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली. शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी थेट दोनपर्यंत आले. "उत्तम," डॉक्टर म्हणाले.
"आज बरी आहे," मुलगा म्हणाला.
गाडीत म्हणे, रविवारी वृद्धाश्रम बघून येऊ. नुसता बघायचा. सूनबाई म्हणाली, "तिथे एसीच नाही, आई. मग वाऱ्याचा प्रश्नच मिटला!" दोघं खुदकन हसली.
मी म्हटलं, आधी एसीवाला बोलवा. वारा खरा निघाला तर मी कुठेही येणार नाही. भास निघाला, तर माझी बॅग मीच भरीन.
"ठरलं," मुलगा म्हणाला. माझा हात थोपटला त्यानं.

१३ मार्च
सकाळी तो बुटाची नाडी बांधत होता, मी बघत बसले. डावखुरा माझा! शाळेत बाई डाव्या हातावर पट्टी मारायच्या. मी जाऊन भांडले होते — मी, जिची कधी मान वर व्हायची नाही! नाडी बांधायला मीच शिकवलं. त्याच्या समोर बसून, आरशासारखं. अजून त्याची गाठ उलटी बसते, वरचं टोक डावीकडे. सगळ्या घरात ओळखू येते.
हे वृद्धाश्रमाचं त्याच्या मनातलं नाही. तिनंच कान भरलेत.

१४ मार्च, शनिवार
एसीवाला आला. मुलगा ऑफिसात. सूनबाई दारात, हाताची घडी घालून.
कपाटाशेजारी भिंतीत खाली एक जाळी आहे. त्यानं तिच्यावर कागद धरला. कागद पडला. "मावशी, इथून हवा परत ओढली जाते. कागद चिकटायला हवा होता. वाट बुजलीय, म्हणून हवा दाराखालून पळते. तुमचा दोरा हुशार निघाला!"
खरा निघाला! मला रडूच आलं.
त्यानं स्क्रू काढले. आत सुतळीनं करकचून बांधलेलं गाठोडं. पिवळी लोकर. नातीच्या बारशाआधी तीन महिने खपून विणलेलं पांघरूण — "खूप उपयोगी पडतं हो," म्हणाली होती सूनबाई!
"मुद्दाम कोंबलंय," तो म्हणाला. "एका खोलीतला वास घरभर फिरू नये म्हणून करतात लोक."
माझ्या बामचा वास.
"आई, मला खरंच माहीत नव्हतं," ती म्हणाली. मी तिला खोटारडी म्हटलं. परक्या माणसासमोर. म्हटलं, तुझ्या आईनं हेच शिकवलं का? तिची आई जाऊन वर्षही झालेलं नाही. ती रडत खाली गेली. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं!

१५ मार्च, रविवार
पांघरूण धुवावं म्हणून सुतळी सोडायला घेतली. गाठ उलटी आहे. वरचं टोक डावीकडे.
सोडली नाही. बॅग भरतेय.