मी पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा

प्रिय ताई,

बातमी पोटात मावत नाहीये, म्हणून लिहायलाच बसले. फोनवर तू माझं बोलणं मधेच तोडतेस. अगं, काल मी आरोपी होते! कोर्टात, चक्क पिंजऱ्यात! घाबरू नकोस, खटला लुटुपुटीचा होता. इथल्या न्यायाधीशबाईंनी सुट्टीच्या दिवशी कोर्ट आमच्या गल्लीसाठी उघडलं, आणि नागरिकशास्त्र शिकवते म्हणून पोरांना न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कोर्ट म्हटलं की तू कशी लांब पळतेस ना, तशीच निम्मी गल्ली बिचकत होती. तरी झाडून सगळे आले.

आरोप काय, तर मी शाळेची घंटा चोरली. साक्षीदार माझेच शेजारी. आणि काय रंगात आले गं! बेकरीवाल्याने म्हणे मला पिशवी घेऊन पळताना पाहिलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंना तर माझी लक्षणं पहिल्यापासूनच ठीक दिसत नव्हती. परवाच माझ्याकडून वाटीभर साखर नेलीय बाईंनी! आधी मला हसू आवरेना. मग पोरंही माना डोलवायला लागली आणि मला खरोखर घाम फुटला. न्यायाधीशबाई मात्र प्रत्येकाला शांतपणे एकच विचारत होत्या, तुम्ही स्वतः पाहिलंत का. एकेक जण चाचरत खाली उतरला. शेवटी शिंपीणबाई उठल्या आणि म्हणाल्या, त्या वेळी ही माझ्या दुकानात माप देत होती. झालं, सुटले! पोरांनी कोर्ट डोक्यावर घेतलं. इतकी वर्षं मी फळ्याशी घसा कोरडा करतेय, ते त्यांना एका दुपारी कळलं.

ताई, आता खरं सांगते. शाळेच्या व्हॅनवाल्या दादाचा खटला पुढच्या मंगळवारी आहे, आणि तो लुटुपुटीचा नाही. त्याने भरधाव येऊन कोपऱ्यावरच्या आजोबांना उडवलं असं सगळी गल्ली सांगते. पाहिलं कुणीच नाही. तू तेव्हा माझ्याकडे राहायला आली होतीस, गॅलरीत उभी होतीस. व्हॅन थांबलेलीच होती, आजोबांचा पाय घसरला, हे तू मला सांगितलंस आणि कुणाला बोलायचं नाही म्हणून शपथ घातलीस. मी ती पाळलीय. पण काल त्या पिंजऱ्यात उभं राहिल्यापासून व्हॅनवाला दादाच डोळ्यांसमोर येतोय. वकील उलटसुलट विचारतील, हे खरं. पण न्यायाधीशबाई कुणाला आवाज चढवू देत नाहीत, साक्षीदाराला आधी बसायला खुर्ची देतात. त्याच्या वकिलाला तुझं नाव सांगू का? त्याच्या बाजूने दुसरं कुणीच नाही गं. हो म्हण.

तुझीच,
धाकटी