सतरावी वस्तू

३ फेब्रुवारी, मंगळवार
संध्याकाळी सात ते आठ — आमच्या कुत्र्यानं, मायक्रॉननं, सत्तेचाळीस वेळा खाजवलं. हनुवटी, गळा, छाती. हनुवटीचा लाल चट्टा व्हर्नियरनं मोजला — २३.४ मिलिमीटर. परवा २२.८ होता!

चिकन बंद, अंडं बंद, शाम्पू तिसरा. तरी वाढतोय.

४ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंकडे नेलं. म्हणाल्या, "गोचीड नाही, बुरशी नाही. कातडी नाजूक आहे, कशाचा तरी स्पर्श सोसत नाही. घरात अंगाला काय काय लागतं?"

मी जागेवर सोळा वस्तूंची यादी लिहून दिली. बाई बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या मनगटाला काय झालंय?"

"उष्णता. अकरा वर्षं आहे."

कुत्र्याची डॉक्टर, आणि माणसाची चौकशी!

९ फेब्रुवारी, सोमवार
वर्कशॉपला सुट्टी. दिवसभर घरी. खाजवणं फक्त नऊ! शाम्पू मी निवडलेला. लेथ मशीन कुणी शिकवलं नाही, बघून शिकलो. हेही जमलं.

१० फेब्रुवारी
एक्केचाळीस.

१२ फेब्रुवारी
अंजना भाचीच्या लग्नाला माहेरी, जतला गेली. मायक्रॉनला घेऊन. घर मोठं वाटतंय.

१८ फेब्रुवारी
मेव्हण्याचा फोन. बिराप्पाचा. पिल्लू त्याच्याच मेंढरांमागचं, त्यानंच दिलेलं. "दाजी, तुमचं मायक्या ठणठणीत हाय! खाज कुठली? लय पळतंय." काय लावलं विचारलं. "काय न्हाई. भाकरी खातंय, मातीत लोळतंय."

मला राग आला. लोळण्यानं बरं होतं? मग माझे तीन शाम्पू?

२२ फेब्रुवारी
परत येऊन तिसरा दिवस. अडतीस!

अंजना म्हणाली, "आवं, हाल बघवत न्हाईत त्याचं. आठ तारखेला बिरूदादा येणार हाय. खाज न्हाई थांबली, तर घेऊन जाऊ दे."

मी ताट तसंच सारलं.

२४ फेब्रुवारी
वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. दर सोमवारी आकडा खाली. जतला तर नाहीच. मग सोमवारी घरात काय नसतं, आणि जतला काय नव्हतं?

संध्याकाळी कुपवाडच्या वर्कशॉपवरून आलो. गाडी बंद केली. मायक्रॉन फाटकातून पळत आला, रोजच्यासारखी हनुवटी माझ्या गुडघ्यावर घासली, छाती पायाला टेकली. डोळे मिटले. तिथेच उभा राहिलो. पँटीवर कूलंटचे डाग — लेथवर लोखंड कापताना सोडतो ते पांढरं पाणी. हनुवटी, गळा, छाती.

दोन शतांशाचा फरक डोळ्यांनी पकडणारा मी. स्वतःची पँट बघितली नाही!

यादीत सतरावा — मी.

२५ फेब्रुवारी
वर्कशॉपवरच कोपरापर्यंत साबण, धुतलेले कपडे, दुसरी चप्पल. जुना टर्नर कोंडीबा म्हणतो, "मालक, पोरगी बघायला निघालाय काय?"

घरी पोचलो. मायक्रॉन आला. हुंगलं. मग माझ्या मागं रस्त्याकडे बघत बसला. टेकला नाही.

२७ फेब्रुवारी
बारा. पण टेकत नाही. अंजना हसते. "तुमचा वास गेलाय. पावणं वाटताय तुमी त्याला."

१ मार्च
सात.

४ मार्च
तीन! चट्टा ९.२, वर मखमलीसारखी लव. साताऱ्याच्या पार्टीचा जॉबही पहिल्या फटक्यात पास. चांगला दिवस.

आणखी एक — मनगट आठ दिवस खाजलेलं नाही. म्हणजे उष्णता नव्हतीच. हे डॉक्टरीणबाईंना सांगणार नाही.

संध्याकाळी तो फाटकाशी रस्त्याकडे बघत बसलेला. जुनी पँट गाडीच्या डिकीत होती. एकदाच घातली असती तर पळत आला असता.

नाही घातली.

८ मार्च, रविवार
बिराप्पा साखळी घेऊन आला. "चल रं मायक्या." मायक्रॉन उठला, अंगणाच्या मधोमध थांबला, मग येऊन माझ्या धुतलेल्या पँटीला टेकला.

बिराप्पा जेवून एकटाच गेला.