गोड लागणारी खाट

४ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कान धरते. पण कारण ऐकलंत तर पाठ थोपटाल.

दर शनिवारी मी दोन्ही पोरांना घेऊन दानाच्या दुकानात जाते. लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू तिथं विकतात आणि त्यावर गरजू रुग्णांची औषधं चालतात. आमचा नियम असा, की प्रत्येकानं एकच वस्तू उचलायची आणि घरी आणून तिचं दुसरंच काहीतरी करायचं. आमची थोरली, म्हणजे मुकादम, आता सहाची झाली, पण दुकानातल्या बाईंना कपाटाची बिजागरी सैल आहे म्हणून सुनावून आली! तिनं मागं एक पडदा आणला, त्याचे दोघांना एप्रन झाले. धाकट्या गोटूनं कान तुटलेला कप घेतला. त्यात मोहरी पेरलीय, आणि ती उगवली का ते बघायला तो रोज उकरतो. मग उगवणार कशी?

मी मात्र मोठा हात मारला. लहान मुलाची कठड्याची जुनी खाट आणलीय, अस्सल सागवानी. एक बाजू काढून तिचा बाक करायचाय. गेले तीन आठवडे तिघं मिळून पॉलिश पेपरनं घासतोय. वर हिरवा, खाली पांढरा, त्याखाली पुन्हा पांढरा. रंग संपता संपत नाही. सगळ्या खोलीभर पिठाच्या गिरणीसारखी भुकटी उडते आणि गोटूच्या पापण्या म्हाताऱ्यासारख्या पांढऱ्या होतात. परवा तो बोट चाटून म्हणाला, की आपली खाट गोड लागते. आम्ही हसून हसून बेजार.

तुम्ही जन्मभर रंगारी. घासून झाल्यावर आधी कुठल्या रंगाचा हात मारू ते कळवा. गोटूचं पोट जरा दुखतंय, जेवणावर मन नाही, किरकिर करतो. ऊन बाधलं असणार. हे परगावी कामावर आहेत, महिनाअखेरीला येतील.

मामींना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या, उत्तराला मात्र माझ्यासारखा उशीर करू नका.

तुमची भाची


६ जून

चि. भाचीबाईस,
अ. आ.

हे वाचत असशील तिथंच खाटेचं काम थांबव. पत्र टपालात टाकत नाही, सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. तुझ्या दारापर्यंत जाऊन दे म्हणून त्याला बजावलंय.

जुना रंग गोड लागतो तो शिशामुळे. आमच्या काळी पांढऱ्या रंगात शिसं घालायचे, त्यानं रंग टिकायचा. तेच आता तुमच्या भुकटीत आहे. भुकटी पोटात जाते, रक्तात उतरते, आणि लहान मुलाच्या मेंदूला बाधते.

आता नीट ऐक. मुलांना त्या खोलीतून बाहेर काढ. झाडू मारू नकोस, पुन्हा उडेल. ओल्या फडक्यानं पूस आणि फडकी टाकून दे. एप्रन, चादरी वेगळ्या धू. दोघांची नखं काप, हात साबणानं धुव. मग लगेच दवाखाना गाठ. डॉक्टरांना नुसतं पोट दुखतं म्हणून सांगशील तर गोळी देऊन परत पाठवतील. शिसं हा शब्द काढ, रक्तातलं शिसं तपासा म्हण, आणि तपासल्याशिवाय तिथून हलू नकोस.

आणखी एक. अशा खाटा इस्पितळातून, अनाथालयातून निघतात त्या एकेक निघत नाहीत. दुकानात तसलीच दुसरी होती का, ते आठवून बघ.

रागावलेलो नाही. गाडी सुटायच्या आत लिहितोय म्हणून अक्षर असं आलंय.

तुझा मामा


९ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

ड्रायव्हर दारात उभा राहिला तेव्हा गोटू खाटेखाली बसला होता, भुकटीत बोटानं मोटार काढत. मी त्याला असा ओढला की तो घाबरून रडला.

तुम्ही सांगितलं ते सगळं केलं. डॉक्टर आधी हसले. उन्हाळ्यात निम्म्या गावाची पोटं दुखतात म्हणाले. मी खुर्चीतून उठलेच नाही. तुमचं पत्र त्यांच्यापुढं ठेवलं. ते वाचून त्यांनी गोटूची खालची पापणी ओढून पाहिली, आणि मग काही हसले नाहीत. दोघांचंही रक्त मोठ्या इस्पितळात पाठवलंय. आठवडा लागेल. आठवडा कसा काढू, मामा? गोटू एखादा शब्द चुकला तरी मी त्याला तो पुन्हा पुन्हा म्हणायला लावते. कालपर्यंत त्याच चुकीला मी हसत होते.

मुकादमनं काल विचारलं, की भाऊ तिच्यामुळं आजारी पडला का, कारण तिनंच त्याला मोठा कागद दिला होता घासायला. तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, की खाट आईनं आणली, कागद आईनं आणला.

आणि हो, तसलीच दुसरी खाट होती. तुमची ओळ वाचली तेव्हा आठवलं. आज दुकानात गेले. बाई दुखावल्या. दान आलेल्या वस्तूंना नावं ठेवायची नसतात म्हणाल्या. मी वाद घातला नाही, दार अडवून उभी राहिले. शेवटी त्यांनी सांगितलं, की लाँड्रीच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालच्या घरात ती खाट हातगाडीवर गेलीय. घरात दात येणारं बाळ आहे.

उद्या जाते. काय बोलू ते सुचत नाही.

तुमची भाची


१० जून

चि. भाचीबाईस,
अ. आ.

ड्रायव्हर आता आपल्या घरचाच झाला. मामीनं त्याला जेवू घातलं.

हे पत्र पोचेपर्यंत तू जाऊन आली असशील. दार लावून घेतलं असेल तर पुन्हा जा. शहाणपण शिकवायला आलीय असं वाटलं की माणूस ऐकत नाही. आधी स्वतःच्या पोराचं सांग.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, मामीलाही नाही. अशा शेकडो खाटा मी माझ्या हातानं रंगवल्यात. आमचा जोडीदार ब्रश धरता धरता मनगटातून लुळा पडला, तेव्हा रंग बाधतो हे कळलं होतं. तरी काम सोडलं नाही. घर चालवायचं होतं, आणि मोठ्या माणसांना बाधतं, मुलांचं काय, अशी स्वतःची समजूत घालत होतो. तुझी खाट कुणी रंगवली देव जाणे. पण गोटू चाटून गोड म्हणाला हे वाचलं, तेव्हापासून मला अन्न जात नाही.

निकाल आला की चांगला असो वाईट असो, लपवू नकोस.

तुझा मामा


२२ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी निकाल. मुकादमचं प्रमाण थोडंच वर आहे. गोटूचं हवं त्याच्या तिपटीवर. इंजेक्शनं लागणार नाहीत. लोहाचं औषध, दूध, भरल्या पोटी ठेवायचं, आणि दर महिन्याला रक्त तपासायचं. आणखी दोन महिने घासलं असतं तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढं काही उणं राहील का, हे मात्र विचारलं. ते म्हणाले, बहुधा नाही. त्या 'बहुधा'शी आता मला रोज संसार करायचाय.

त्या दुसऱ्या खाटेवाल्या बाळाच्या आईकडे तीनदा गेले. पहिल्यांदा त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की खाट तुम्हालाच हवी असेल तर सरळ सांगा, असले बहाणे नकोत. दार लागलं. पण मिटायच्या आधी मला आत दिसलं, मामा. बाळ कठड्याला धरून उभं होतं, आणि कठड्याचा वरचा रंग ओळीनं कुरतडलेला होता, बारीक दातांनी.

दुसऱ्यांदा दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा गेले तोवर तुमचं पत्र आलं होतं. मी बंद दाराशी बसून गोटूचंच सांगत राहिले, पापण्या, मोहरी, चाटलेलं बोट, सगळं. शेवटी त्याचा रिपोर्ट दाराखालून सरकवला आणि आले.

काल गोटूला घेऊन मोठ्या इस्पितळात गेले होते. रक्ताच्या रांगेत माझ्यापुढं त्या उभ्या. डोळे सुजलेले. बाळाला दाखल करून घेताहेत, त्याचं प्रमाण बरंच वर आहे. पण वेळेत आणलं असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं. मला वाटलं, आता चार शब्द ऐकवतील, आणि मी ऐकून घेणार होते.

खिडकीतून कारकुनानं फॉर्म पुढं केला. त्यांचा एक हात बाळाखाली, दुसऱ्यात पिशवी. त्यांनी मागं वळून पाहिलं, बाळ माझ्या हातात दिलं, आणि फॉर्म भरायला लागल्या.

मामा, तुम्ही जेवा. एवढं माझं ऐका, आणि माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

तुमची भाची