भिंतीला पोट येतं तेव्हा

दि. ६ ऑगस्ट

ती. आप्पांना
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, कारण इथे पंचवीस माणसं एकाच खोलीत बसतात. तेव्हा हे कागदच बरे. मी नक्की कसलं काम करतो ते आपल्या धाकट्या टाचणीला नीट सांगता आलं नाही, असं लिहिलंत. तिची चूक नाही. बत्तीस वर्षांचा घोडा दिवसभर व्हिडिओ गेम करत बसतो, हे सांगताना तिलाच लाज वाटली असेल.

गेम असा आहे. काळ तलवारी-भाल्यांचा, बंदुका यायच्या आधीचा. तुमच्या हाती बारा माणसं आणि एक किल्ला. पट बुद्धिबळासारखा चौकोनांचा. आधी तुमची चाल, मग शत्रूची. पळापळ नाही, बोटांची कसरत नाही. एका चालीवर तासभर विचार करत बसलात तरी कुणी उठवत नाही. मात्र मेलेला माणूस पुन्हा उभा राहत नाही. एक गेला की पुढचा सगळा खेळ अकरा जणांवर. घाईच्या माणसाचं यात काम नाही, म्हणून तो तुम्हाला जमेल आणि टाचणीला मुळीच जमणार नाही.

माझ्याकडे भिंतींचं काम आलं आहे. सध्या आमचा तट बिस्किटासारखा पडतो. आत्ता धडधाकट, आत्ता चुरा. साहेबांचं म्हणणं, पडायच्या आधी काहीतरी दिसायला हवं. ज्याचं लक्ष असेल तो वाचेल, नसेल तो मरेल. मी फुशारकी मारून बसलो की माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय. आता माझी लाज तुमच्या हातात. भिंत पडण्यापूर्वी काय काय करते ते सविस्तर कळवा.

लोभ आहेच, थोडा रागही असू द्यावा.

तुमचा
थोरला


दि. १४ ऑगस्ट

चि. थोरल्यास
अ. उ. आ.

पत्र मिळालं. तुझ्या साहेबाला अक्कल आहे असं दिसतं. भिंत न सांगता पडली असं म्हणणाऱ्यानं ती बघितलेलीच नसते.

लोकांना वाटतं भिंत शत्रूमुळे पडते. जास्त भिंती पाण्यानं पडतात. पाठीशी टेकडीची माती असलेली भिंत घे, आपल्या घरामागे आहे तशी. टेकडी पावसाचं पाणी पिते. ते निघून जावं म्हणून गवंडी भिंतीच्या तळाशी भोकं ठेवतो. ती बुजली की पाणी मागेच साठतं, माती जड होते आणि रेटू लागते. तरी भिंत लगेच पडत नाही. आधी कमरेच्या उंचीला तिला पोट येतं. मग समोरची फरशी उचलते. लगतच्या खोलीचं दार चौकटीत अडकायला लागतं. वरून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडावा आणि दोरी पायापासून किती पुढे टेकते ते खडूनं मांडून ठेवावं. सोमवारी दोन बोटं असेल तर पुढच्या गुरुवारी अडीच.

महिन्याला दोन बोटं सरकली तर लक्ष ठेवायचं. आठवड्याला दोन सरकली तर खाट उचलायची. शेवटी आवाज येतो, सुकी फांदी वाकवल्यासारखा. त्यानंतर किती वेळ मिळतो ते मला माहीत नाही. ज्यांना विचारावं ते कुणी उरत नाहीत.

टाचणी ठीक आहे. जेवणाच्या वेळा पाळत जा.

आप्पांचे आशीर्वाद


दि. २२ ऑगस्ट

ती. दादास
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या त्या गेमनं आप्पा पार बिघडले. सकाळी उठले की ओळंबा घेऊन मागच्या अंगणात. माझा कापडावर खुणा करायचा खडू पळवतात, टेप पळवतात. गिऱ्हाइकाच्या कमरेला लावते ती टेप हल्ली भिंतीच्या कमरेला लागते. कशाला म्हणून विचारलं तर थोरल्याच्या खेळासाठी, असं उत्तर. इतकी वर्षं तू घरी यावंस म्हणून मी जीव टाकला, आणि तू आलास तो भिंतीच्या वाटेनं.

आणखी एक. माझं शिलाई मशीन त्यांनी मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत आणून ठेवलं आणि स्वतःची खाट मागे नेली. तिकडे ओल आहे, गुडघे धरतील, असं मी म्हटलं तर म्हणाले शिवणाला पुढे उजेड बरा. दहा वर्षं त्याच अंधारात मी शिवते आहे, तेव्हा नाही सुचलं! त्या खोलीचं दार लागत नाही, दोनदा रंधा मारून झाला. तरी अंगण स्वच्छ असतं एवढं सुख आहे. आठवतं ना, दोन वर्षांपूर्वी भिंतीच्या भोकांतून लाल पाणी उडून शाळेच्या नाटकाचे बावीस पांढरे अंगरखे डागाळले होते? मी रडत बसले होते. आप्पांनी त्याच संध्याकाळी सिमेंट कालवून सातही भोकं बुजवून टाकली. तेव्हापासून एक डाग नाही. कुणाचा बाप करेल इतकं?

पण दादा, ते जेवत नाहीत नीट. शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या दोन्ही पोरी भिंतीशी खेळत होत्या, त्यांच्यावर असे ओरडले की पोरी रडत घरी गेल्या. आप्पा आणि लहान मुलांवर ओरडणार? मला काही समजत नाही. तू विचारून बघ.

धाकटीवर जीव असावा, पत्र लिहिताना तरी.

तुझी
टाचणी


दि. ३० ऑगस्ट

ती. आप्पांना
सा. न. वि. वि.

तुमची भिंत भाव खाऊन गेली! तुम्ही लिहिलंत तसंच सगळं केलं. पोट, उचललेली फरशी, अडकणारं दार. साहेबांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. बाहेरची माणसं बोलावून आम्ही गेम खेळवून बघतो. दहातल्या नऊ जणांनी भिंतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शत्रू समोरून येतोय ना, मग पाठीमागे कशाला बघायचं! उलट आडोसा म्हणून आपले तिरंदाज नेऊन तिच्याच पायथ्याशी उभे केले. सगळे गेले. आम्ही मागे उभं राहून हसत होतो.

एक बाई मात्र चिडल्या. भिंतीची खूण त्यांना ओळखता आली होती, पण उपाय काहीच नाही हा अन्याय आहे, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. पोट आलेली भिंत वाचवता येते का? आणि ओळंब्याचे आकडे आणखी हवेत, वारासकट. तुमच्या डोक्यात इतकं बारीकसारीक कसं राहतं, देव जाणे. मला परवा काय जेवलो ते आठवत नाही.

तुम्ही जेवत नाही अशी वरून तक्रार आली आहे. तक्रारदाराचं नाव सांगत नाही, पण ती टोचते.

असाच लोभ करत राहावा.

तुमचा
थोरला


दि. ८ सप्टेंबर

चि. थोरल्यास
अ. उ. आ.

त्या बाईंना माझा नमस्कार सांग.

भिंत वाचवता येते. बुजलेली भोकं छिन्नी-हातोड्यानं पुन्हा उघडायची. कडेची आधी, मधली शेवटी. एक उघडलं की दोन दिवस थांबायचं, पाणी सावकाश जाऊ द्यायचं. मधलं आधी फोडलं तर लोंढा तिथूनच निघतो आणि भिंतीला घेऊन येतो. अडचण एकच आहे. भोकं तळाशी असतात, तेव्हा फोडणाऱ्याला त्या पोटाखालीच गुडघे टेकून बसावं लागतं.

आकडे हे घे. मागच्या सोमवारी चार बोटं, शनिवारी साडेपाच. आहेत तसेच वापर.

आता माझं एक काम कर. तुमच्या यंत्रात हा डाव शंभर वेळा मांड. मधली भोकं उघडायला एक माणूस भिंतीखाली बसव. शंभरात किती वेळा तो परत येतो ते मोज आणि लगेच कळव. एरवी मी घाई करू नको म्हणतो, पण हे लवकर कर. टाचणीला यातलं लिहू नकोस. तिला असल्या खेळात गोडी नाही.

आप्पांचे आशीर्वाद


दि. १५ सप्टेंबर

ती. आप्पांना
सा. न. वि. वि.

शंभरात एकोणीस.

काल मोजून झाल्यावर मी खुशीत चहा घ्यायला उठलो. कपात साखर घालता घालता मनात आलं की वीस वर्षांपूर्वीच्या भिंतीचे वार कुणाच्या लक्षात राहतात? आणि मागचा सोमवार म्हणजे कुठला सोमवार? कप तिथेच ठेवला आणि टाचणीला फोन केला. मागे जाऊन बघ म्हटलं. तिला खडूच्या रेघा सापडल्या, प्रत्येकीपुढे वार. भिंतीशी टाकलेल्या पोत्याखाली डावीकडची दोन आणि उजवीकडची दोन भोकं उघडी आणि त्यातून गढूळ पाणी चाललेलं. तुम्हाला काही आठवत नव्हतं, आप्पा. तुम्ही समोर बघून लिहीत होतात. आपलं घर रेटलं जात होतं आणि मी त्याचा खेळ करून लोकांना हसत दाखवत होतो. स्वतःची इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

मी रागावलो नाही. मला भीती वाटते आहे. पोरीच्या कपड्यांवर डाग पडू नयेत म्हणून तुम्ही भोकं बुजवलीत. चूक झाली. चाळीस वर्षांत एक झाली. ती कुणाला सांगायची लाज वाटली म्हणून तुम्ही टाचणीला पुढच्या खोलीत पाठवलंत आणि स्वतः जाऊन त्या भिंतीशी झोपलात. तो फांदीसारखा आवाज तुम्हाला ऐकूसुद्धा येणार नाही, आप्पा.

या कागदाचा फोटो टाचणीला पाठवतो आहे, ती तुमच्यासमोर धरेल. वाचून झालं की चपला घाला आणि समोर बेकरीवाल्यांच्या माडीवर जा. त्यांच्याशी बोललो आहे. इस्त्रीवाल्यांनाही बाहेर काढा. गेम बाजारात जातोय म्हणून मला पंचविसापर्यंत सोडत नाहीत. सव्वीसला मी दारात असेन.

तुमचा लोभ मला अजून पुष्कळ वर्षं हवा आहे.

तुमचा
थोरला


दि. २३ सप्टेंबर

ती. दादास
शि. सा. न. वि. वि.

बेकरीच्या माडीवरून लिहिते आहे. अंगाला पावाचा वास येतो आणि शिवलेल्या कपड्यांनाही. गिऱ्हाइकं हुंगून बघतात.

फोनवर रडण्यातच वेळ गेला, म्हणून नीट सांगते. तुझं पत्र आप्पांनी दोनदा वाचलं. चपला घातल्या, पण माडीवर नाही आले. आधी इस्त्रीवाल्याच्या दारात गेले. भोकं मी बुजवली, चूक माझी आहे, घर सोडा, असं आपल्या तोंडानं सांगितलं. मी मागे उभी होते. माझे बावीस अंगरखे त्यांनी मधे येऊ दिले नाहीत. दादा, मला तेव्हा जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

त्याला आज आठ दिवस झाले आणि भिंत उभी आहे. कडक ऊन पडलं आहे. नगरपालिकेच्या ऑफिसातून एक माणूस आला, पेनानं दोन ठिकाणी टकटक केली, मजबूत दिसते म्हणाला आणि पाऊस संपला की पुन्हा येतो सांगून गेला. झालं, गल्लीला करमणूक मिळाली. येता-जाता आप्पांना विचारतात, भिंत आज पडणार की उद्या. इस्त्रीवाला इतके दिवस मेव्हण्याकडे होता. त्याचा धंदा बसला, म्हणून काल खाटा घेऊन परत आला. माणूस भला आहे, आप्पांना दुखवलं नाही. म्हातारपणी भीती वाटायचीच, एवढंच म्हणाला. ते जास्त लागलं त्यांना.

आप्पा दिवसभर खिडकीत बसून असतात. काल मला म्हणाले, पडली तर मी वाईट गवंडी आणि उभी राहिली तर वेडा म्हातारा. यातलं काय मागावं ते मला समजेनासं झालंय. मी घराची किल्ली लपवली आहे आणि घरात पाऊल टाकणार नाही असा शब्दही घेतला आहे. तू ये लवकर. इस्त्रीवाला माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल.

आता दवाखान्याचे गणवेश पोचवायला निघते, दुपार होईल. आप्पांना तुला दोन ओळी लिहायच्या आहेत, म्हणून खाली जागा सोडते. पत्र तेच पेटीत टाकतील. तेवढंच पाय मोकळे होतील.

जीव लागला आहे, लवकर यावं.

तुझी
टाचणी


चि. थोरल्या,

टेकडीनं प्यायलेलं पाणी तळाशी उतरायला आठ-दहा दिवस लागतात. ऊन पडलं म्हणून ते कुठे जात नाही. पेनवाल्याला हे कोण सांगणार? आज खिडकीतून पाहिलं, पोट कालच्यापेक्षा जास्त आहे. इथून दिसतं एवढं जास्त.

इस्त्रीवाला कपड्यांचे गठ्ठे घेऊन गेला आहे, त्याची बायको सोबत आहे. पोरी शाळेतून चारला येतात. तोवर दोन्ही घरं रिकामी. मधली तीन भोकं राहिली आहेत आणि आत्ता अकरा वाजले आहेत. टाचणीला दिलेला शब्द मोडत नाही. घरात जात नाही. इस्त्रीवाल्याच्या बोळातून थेट अंगणात जाता येतं.

एकोणीस वेळा माणूस परत आला असं तू लिहिलंस. तो काय करून परत आला ते लिहिलं नाहीस. भोक पुरतं उघडून आला, की छिन्नी टाकून पळाला म्हणून वाचला? मला तेवढंच हवं होतं. राहू दे, आता विचारायला वेळ नाही.

पत्र कोपऱ्यावरच्या पेटीत टाकतो आणि तसाच पुढे होतो. तुम्हा दोघांवरचा लोभ आहे तसाच आहे.

आप्पांचे आशीर्वाद