स्वच्छ प्रत

प्रिय टपोरी,

तुझी पेटी पोचली. वाटेत एक कोपरा चेपला, आतलं सगळं धड आहे. शाळेतल्या कारकुनीतून सुटल्यापासून मी इथल्या इतिहास मंडळात, टपालकचेरीवरच्या दोन खोल्यांत, आलेल्या कागदांची नोंद करते, हे तुला ठाऊक होतंच. आमचे चिटणीस पेटी टेबलावर ठेवत म्हणाले, "धरणाच्या मोठ्या साहेबांचे कागद आलेत. त्यांच्या मुलीने पाठवलेत. तुमची मैत्रीण ना?" मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं.

वर फोटो होते. धरणाचं बांधकाम, वसाहतीतली शाळा, पाहुण्यांना दरवाजे दाखवणारे तुझे वडील. एकात आपण दोघी एका बाकावर, तुझी बोटं शाईने बरबटलेली. अक्षर टपोरं म्हणून वर्गाने तुझं नाव टपोरी ठेवलं, तेव्हा मास्तरांनाही हसू आवरलं नव्हतं. माझे निम्मे निबंध तूच उतरवून दिलेस. मी एकेक फोटो पुसून पाकिटात घालत होते आणि एकटीच हसत होते. मग तळाशी पोचले.

तळाशी दोन वह्या होत्या. दोन्ही धरणाच्या दरवाजांच्या, दोन्ही त्याच महिन्याच्या. पहिली माझ्या बाबांच्या अक्षरातली, दरवाजांवरच्या पाळीत लिहिलेली, ओळी उतरणीला लागलेल्या. 'भोंगा बंद. साहेबांना कळवलं.' चार दिवसांनी पुन्हा, 'भोंगा बंदच. साहेबांना दुसऱ्यांदा कळवलं.' आणि त्या दुपारी, 'भोंग्याशिवाय पाणी सोडू नये असं म्हणालो. साहेबांचा फोनवर हुकूम, दरवाजे उघड. उघडले.' वहीत एक फोटोही होता: भोंगा खाली उतरवलेला, जमिनीवर आडवा, मागे तारीख.

दुसऱ्या वहीत मात्र त्या दुपारी भोंगा शाबूत आहे, हुकूम कुणाचाच नाही, आणि बाबांनी आपल्या मनाने दरवाजे उघडलेत. चौकशीत हीच दाखवली होती. मूळ वही पावसात भिजली, ही स्वच्छ प्रत आहे, सही कर, असं साहेब म्हणाले आणि बाबांनी न वाचता सही केली. साहेबांच्या शब्दावर त्यांचा तेवढा विश्वास होता. नदीत वाळू चाळणारी सात माणसं गेली आणि खापर बाबांवर फुटलं.

दुसऱ्या वहीतलं अक्षर टपोरं आहे. तरी मी स्वतःला समजावलं, अशी अक्षरं पैशाला पासरी असतात. मग ती ओळ वाचली: 'भोंगा दुरूस्त आहे.' रू दीर्घ. हाच शब्द मास्तरांनी तुझ्याकडून शंभर वेळा लिहून घेतला होता, आणि तू चुकू नयेस म्हणून मी शेजारी बसून मोजत होते.

सोळा वर्षांची होतीस. वडिलांनी समोर वही ठेवली, तर तू काय करणार होतीस? तेवढं मला समजतं. पण त्यानंतर दोन वर्षं तू माझ्या शेजारी बसलीस. आम्हाला वसाहतीतली खोली सोडायला लावली, तेव्हा आमच्या पातेल्यांना कागद गुंडाळायला आलीस. आई रडत होती आणि तू तिला पाणी दिलंस. माझ्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त तूच रडलीस. इतक्या वर्षांत एकदाही तुझ्या तोंडून ते बाहेर पडलं नाही.

आणि माझं सांगते. बाबा घरात सारखे म्हणत, "मी लिहिलं होतं गं." एकदा वैतागून मी ओरडले, "लिहिलं होतं तर दाखवा ना कुठंय!" ते गप्प झाले, ते आजतागायत. त्या विषयावर पुन्हा अवाक्षर नाही. बापावर अविश्वास दाखवायला तू मला शिकवलं नाहीस, पण मी तुझ्या अक्षरावर विश्वास ठेवून तो दाखवला.

पेटीसोबतचा देणगीचा अर्ज तू भरलास, पण त्यातले दोन चौकोन कोरे ठेवलेस: 'कागद सर्वांना खुले' आणि 'पंचवीस वर्षं बंद'. चिटणीस म्हणाले, "मैत्रीणच आहे ना, तुम्हीच खूण करून टाका." तुझ्याही मनात तेच असणार. मी उघड केलं तर तुझ्या वडिलांच्या पश्चात त्यांची अब्रू मी घालवली, मी मिटवलं तर माझ्या बाबांना मीच पुन्हा खोटं पाडलं, आणि तू दोन्हीकडून मोकळी. म्हणून तो अर्ज या पत्रासोबत कोराच परत पाठवते आहे. खूण तू कर, आणि टपालाने पाठवू नकोस, घेऊन ये. बाबा शहाऐंशीचे आहेत. डाव्या कानाने चांगलं ऐकू येतं. मी अजून त्यांना काही सांगितलेलं नाही. मी सांगितलं तर मुलगी समजूत काढतेय असंच त्यांना वाटेल. त्यांची वही त्यांना तू वाचून दाखव. मी शेजारच्या खोलीत बसेन.

सवयीने तुझीच,
बाकावरची शेजारीण