मामांचा एक शॉट

२५ फेब्रुवारी
ठरलं. शॉर्ट फिल्म करायची, तीही मोबाइलवर. महागडा कॅमेरा लागतो तो नजर नसलेल्यांना. बायकोला हे सांगितलं, तर ती म्हणाली, नजर असेल तर एकदा सिंककडे टाक. या घरात कलेला काडीची किंमत नाही.

२८ फेब्रुवारी
गोष्ट सुचली. एक म्हातारा खिडकीत बसून गेलेल्या बायकोशी बोलतो. एक खोली, एक शॉट, खर्च शून्य. म्हातारा म्हणजे माझे मामा. जन्मभर नाटकात कामं केली, कॅमेऱ्यासमोर एकदाही नाही. मामी गेल्या वर्षी गेली, म्हणजे तयारी आयतीच. पुढच्या रविवारी ते कायमचे परदेशात मुलीकडे चाललेत, म्हणून शूटिंग शनिवारीच. संवाद मी लिहिणार होतो, पण मामा म्हणाले, माझं मी बोलतो. बोलू देत. माझं काम दृश्याचं.

३ मार्च
ट्रॉली शॉटसाठी बायकोची ऑफिसकामाची चाकांची खुर्ची घेतली. फरशीच्या प्रत्येक सांध्यावर भूकंप. खाली सतरंजी घातली, तर खुर्ची हलेचना. शी! स्थिर शॉटच जास्त परिणामकारक, हे मी आधीपासून म्हणत होतो.
रिफ्लेक्टर म्हणून फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल. धरायला मेहुणा. आत्तापासूनच हात दुखतो म्हणतोय, ऐदी कुठला.

७ मार्च, शनिवार
शूटिंग झालं. डोकं फिरलंय. ऐन वेळी घोळ नको म्हणून मी फ्रेम लावतानाच रेकॉर्डिंग सुरू करून ठेवलं. याला म्हणतात दूरदृष्टी. मग ‘अ‍ॅक्शन’ म्हणून लाल बटण दाबलं. मामा बोलायला लागले आणि मेहुणा चक्क रडायला लागला! थर्माकोल लटलट हलतोय, मामांच्या गालावर लाइट नाचतोय. किळस आली मला. ‘कट’ म्हणून बटण दाबलं आणि मेहुण्याची खरडपट्टी काढली. पुन्हा घेऊ म्हटलं, तर मामा म्हणाले, ते पुन्हा नाही व्हायचं. आणि यांना म्हणे नाटकाचा अनुभव!
असो. नाचरा लाइटही कवितेसारखा दिसेल.

८ मार्च, रविवार
मामांना विमानतळावर सोडलं. घरी येऊन फुटेज उघडलं.
पहिल्या क्लिपमध्ये थर्माकोल कसा धरायचा यावर माझं व्याख्यान. ती ‘अ‍ॅक्शन’ला संपते. दुसरी ‘कट’पासून सुरू होते. तीत माझा आरडाओरडा, मग मी पाणी प्यायला गेल्यावर नुसती रिकामी खिडकी आणि आवाज. बायको मामांची माफी मागतेय. मामा म्हणतात, असू दे गं, त्याचं यंत्र चालू होतं की नव्हतं देव जाणे, माझं तिच्याशी बोलून झालं.
मधलं काहीच नाही.
मेहुण्याला शिव्या घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला माझीच शिसारी आली.
बायको म्हणाली, निदान मामा काय बोलले ते लिहून तरी ठेव. वही घेऊन बसलो. एक शब्द आठवेना. मी तेव्हा थर्माकोल बघत होतो.